सतरा गेले, सतरा आले

"माणसं मोजायची नसतात गं, ओळखायची असतात," असं सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी बजावलं होतं. मी संख्याशास्त्राची पदवीधर, हसले. (मनातल्या मनात. त्याच घरात राहायचं होतं.)

ज्या संस्थेची हजेरी पूर्ण, ती संस्था निरोगी. या कसोटीवर आमच्या वसाहतीच्या सायकल क्लबाची प्रकृती ठणठणीत आहे.

उन्हाळ्यात दर रविवारी पहाटे क्लब टेकडीपलीकडच्या तलावापर्यंत जातो आणि ऊन चढायच्या आत परततो. (ऊन कधी चढलं हे अध्यक्ष ठरवतात. ते दंतवैद्य असल्याने 'काही होत नाही' हे सवयीनेच म्हणतात.) परंपरा मोजक्या, पण कडक. पिवळा शर्ट, हेल्मेट, काळा चष्मा, नाकावर रुमाल. निसर्गाशी संवाद साधता यावा म्हणून मोबाइल अध्यक्षांच्या पिशवीत. रांग मोडायची नाही. मागे वळून पाहायचं नाही, कारण वीस टक्के अपघात मागे पाहताना होतात. (उरलेले ऐंशी टक्के पुढे पाहताना होतात; त्यावर उपसमिती नेमली आहे.) निघताना आणि परतताना प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा, मग रांग एकेकाला त्याच्या दारात सोडते. आकडे जुळले की सहल यशस्वी. गेली अकरा वर्षं सगळ्या सहली यशस्वी आहेत.

माझा नवरा सतरावा, म्हणजे शेवटचा. मी त्याला पाण्याच्या दोन बाटल्या, संत्र्याच्या गोळ्या आणि तिन्ही खिशांत रक्तगटाची चिठ्ठी दिली होती. "अगं, तलावापर्यंत चाललोय, लढाईवर नाही," तो म्हणाला.

गेल्या रविवारी नऊ वाजता रांग परतली. मी गॅलरीतून मोजले. सतरा. जीव भांड्यात पडला. सतरावा जिना चढून वर आला, त्याने हेल्मेट काढलं, आणि आमची चार वर्षांची लेक म्हणाली, "आई, हे बाबा नाहीत."

"वहिनी, मी इलेक्ट्रिशियन," तो गृहस्थ अजिजीने म्हणाला. "तलावाकडे कामाला निघालो होतो. पिवळा शर्ट घातला, ही माझीच चूक. रांगेत कधी शिरलो कळलं नाही. बाहेर पडायला लागलो तर पुढून ओरडले, रांग मोडू नका! मग म्हणाले, आकडा सांगा. सोळानंतर सतराच येतात ना?"

"आणि आमचे हे?"

"चढावर एकजण चेन बसवत होते. 'थांबा, थांबा' म्हणत होते. पण मागे बघायचं नसतं म्हणे."

मी अध्यक्षांना फोन लावला.

"ताई, सतरा गेले, सतरा आले," ते शांतपणे म्हणाले. "तुमचे मिस्टर हरवले म्हणायचं, तर अठरा गेले होते असं होईल. तशी नोंद नाही."

"अहो, पण हा इलेक्ट्रिशियन आहे!"

"क्लबमध्ये आपण व्यवसायावरून भेद करत नाही."

लेकीला सासूबाईंकडे सोपवून मी इलेक्ट्रिशियनला स्कूटरवर मागे बसवलं आणि चढ गाठला. ऊन मी म्हणत होतं. दगडावर चेनचं काळं वंगण, खाली गोळ्यांचे कागद. नवरा नाही. समोरचा कलिंगडवाला म्हणाला, "ते होय? पलीकडच्या क्लबाची रांग आली होती. त्यांचा बाविसावा भरत नव्हता. यांना उठवून नेलं. नको नको म्हणत होते बिचारे, पण 'रांग मोडू नका' म्हटल्यावर मुकाट निघाले. शिस्तीचा माणूस."

पलीकडच्या क्लबाने बावीस जण सुखरूप पोचल्याचं पत्रक दाखवलं; बाविसावा कुणाच्या दारात सोडला, याची नोंद नव्हती. पोलीस चौकीवर दोन्ही क्लबांची पत्रकं ग्राह्य धरली गेली. इलेक्ट्रिशियनच्या घरी, पिवळ्या शर्टातला एकजण आधीच जेवून झोपला होता. (आमचा नव्हे. मी रुमाल काढून पाहिला.)

आज गुरुवार.  सासूबाई दर तासाला गॅलरीत जातात, आणि मोजत नाहीत.

म्हणून विनंती. रविवारी तुमच्या घरी जो परतला, आणि तुम्ही ज्याच्या हातात मान वर न करता पाण्याचा पेला दिलात, त्याचं तोंड एकदा नीट बघा. डाव्या कानामागे तीळ असेल, तर तो आमचा. त्याला म्हणावं, रांग मोडली तरी चालेल.

तुमच्याकडे कुणी सायकल चालवत नसेल, तरीही बघा.