लक्षवातीचा दोरा आणि स्नेहलचा विषाणू

अंबडच्या त्या दुमजली घरात सगळं कौतुक वरच्या मजल्यावर चाललं होतं. वत्सलाबाईंची स्नेहल कॉलेजच्या प्रदर्शनासाठी विषाणूचं मॉडेल बनवत होती. खाली थोरली जाऊ सुमनबाई जप करत होत्या. कान मात्र जिन्याकडे. दोघी जावांनी एकाच दिवशी लक्षवातीचा नेम धरला होता. दोघींचे डबे खालच्या देवघरात असत. परवा पाहिलं, तेव्हा वातींचा दोरा वळून वळून वत्सलाचा डबा काठोकाठ भरलेला, सुमनबाईंचा अजून अर्धाच.

"काकू, लांबलचक दोरा आहे का गं?" स्नेहल प्लास्टिकचा चेंडू घेऊन खाली आली.

सुमनबाईंच्या मनात नको ते आलं. देवाकडे पाठ करून त्यांनी 'सौ. वत्सला' कोरलेला डबा काढला. "हा घे. आईला विचारलंय मी."

स्नेहलने चेंडूच्या भोकाशी बसवलेली इवलीशी मोटर सुरू केली. दोरा सरसर आत जाऊ लागला.

"हा विषाणू जिवाणूत शिरतो, तिथे रिकामी कवचं तयार करतो आणि प्रत्येकात असा दोरा, म्हणजे आपला डीएनए, कोंबतो. कवच ठासून भरलं की दोरा कापायचा. कधीकधी गडबडीत आपला सोडून जिवाणूचाच दोरा भरतो!"

"आणि बाहेर कसा काढायचा?" सुमनबाईंनी रिकाम्या डब्याकडे बघत विचारलं.

"काढावा लागत नाही. आत इतका दाब असतो, की दुसऱ्याच्या दाराशी गेला की आपोआप सुटतो."

एवढ्यात वत्सलाबाई आल्या.

"आई, तुझा दोरा बघ कसा बसला!"

"माझा? अगं, माझा तर ताईंच्या डब्यात आहे." त्या ओशाळल्या. "ताई, रागवू नका हं. तुमची बोटं दुखतात, म्हणून कालच आतले दोरे बदलले. सांगितलं असतं तर तुम्ही घेतला नसता."

सुमनबाईंनी चेंडूकडे पाहिलं. त्यांची स्वतःचीच महिनाभराची मेहनत आत गच्च बसली होती.

वत्सलाबाई चहा टाकायला वर गेल्या. पाठोपाठ सुमनबाई जिना चढल्या, आणि जावेच्या दारात पाऊल पडताच भडाभडा सगळं सुटलं. डबा, खोटं, जळफळाट, सगळंच.

वत्सलाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "बसा ताई. माझा दोरा अर्धा अर्धा करू, उरलेला मिळून वळू."

सुमनबाईंनी डोळे पुसले, देवाचं नाव घेतलं, कापूस हातात घेतला. मन अगदी हलकं झालं होतं.

मग सहज शेजारी नजर गेली. वत्सलाचा दोरा मेला किती बारीक येत होता!