एक्कावन्न टक्क्यांची शिफारस

माणसाच्या अंगी कितीही गुण असले, तरी दुसऱ्या कोणी ते कागदावर लिहून, खाली सही करून, सहीवर गोल शिक्का मारल्याशिवाय ते गुण म्हणून धरले जात नाहीत. (शिक्का चौकोनी असेल तर निम्मे धरतात.) या एका बाबतीत जगातली सगळी सरकारे आणि सगळी विद्यापीठे एकमताने वागत आली आहेत.

बेबीनंदाबाईंना हे कोणी शिकवावे लागले नाही. घनसावंगी तालुक्यातल्या एका कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षे कारकुनी केली. सुरुवातीच्या टाइपरायटरचा 'च' उमटत नसे, त्यामुळे त्या सात वर्षांतल्या सगळ्या मुलांची वर्तणूक 'ांगली' आहे. त्यांतली काही आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि 'ांगली' म्हणजे काय, असे त्यांना अजून एकाही साहेबाने विचारलेले नाही. बाईंनी एकूण ४,३१२ दाखले लिहिले. त्यांपैकी ४,३०९ जणांचे वर्तन चांगले होते आणि तिघांचे समाधानकारक. (तिघेही पुढे निवडून आले.)

तेव्हा भाची अक्षता परदेशी शिकायला जायचे म्हणून तीन शिफारसपत्रांची गोष्ट बोलली, त्या वेळी बाईंनी ते मनावर घेतले नाही. तीन कागद म्हणजे त्यांचे पूर्वीचे चहाच्या आधीचे काम.

अक्षताने एमएस्सी केले होते माती या विषयात. तिला कारण होते. तिचे वडील भिवा यांची गोदावरीकाठची तीन एकर जमीन पाणी पिऊन पिऊन चोपण झाली होती. वर पांढरा थर, खाली चिखल, आणि पिकाच्या नावाने शून्य. अशा मातीला पुन्हा माणसात आणणारे खाते एका परदेशी विद्यापीठात होते. अक्षताने अर्ज केला तो तेवढ्या एकाच ठिकाणी. जागा चार, अर्ज सातशे, पत्रांची मुदत पंधरा तारीख.

पहिले पत्र एमएस्सीचे मार्गदर्शक राजानंद सरांचे. सरांनी आपल्याकडची जुनी आणि निर्दोष पद्धत पाळली. "तूच लिहून आण, मी सही करतो," ते म्हणाले. या पद्धतीत वेळ वाचतो, आणि उमेदवाराचे गुण उमेदवाराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? अडचण एवढीच की अक्षताला स्वतःची स्तुती करायची सवय नव्हती. 'मेहनती' लिहून तिने खोडले. 'हुशार' लिहून ती लाजली. तिसऱ्या दिवशी पत्र तयार झाले ते नऊ ओळींचे, आणि त्यातल्या सात ओळी राजानंद सरांचे मार्गदर्शन किती मोलाचे आहे यावर होत्या. सरांनी ते दोनदा वाचले. "एकदम बराबर लिहिलं," म्हणाले, आणि एका अक्षराचाही फेरफार न करता सही केली.

दुसरे पत्र गोपीकिशन शेठचे. जालन्यात त्यांची बियाण्याची कंपनी आहे आणि अक्षताने तिथे सहा महिने मातीचे नमुने तपासले होते. शेठ भला माणूस. सगळे रकाने त्यांनी स्वतः वाचले आणि एका प्रश्नापाशी थांबले. उमेदवाराचे दोष कोणते?

"पिशवीवर मालाचा दोष कोण छापतो, बेटा?" शेठ म्हणाले. "लेकिन विचारलंय तर जवाब द्यायला पाहिजे."

त्यांनी आपल्या सगळ्यात जुन्या मुनीमजींना बोलावून पत्र सांगितले. मुनीमजींनी चाळीस वर्षे एकाच प्रकारचा मजकूर लिहिला होता. पत्रात असे आले: शुद्धता ९९ टक्के. उगवणशक्ती ९२ टक्के. भेसळ नाही. कोरड्या व थंड जागी ठेवावे. दोष: नाही, आढळल्यास पेरणीआधी कळवावे.

तिसरे पत्र अक्षताच्या कॉलेजचे प्राचार्य मच्छिंद्र सर यांचे, आणि वजन त्याचेच जास्त. विद्यापीठाची अट अशी की पत्र गुप्त राहावे, उमेदवाराने ते पाहू नये. मच्छिंद्र सर नियमाचे पक्के. त्यांनी अक्षताला अंगणात लिंबाखाली, तोंड रस्त्याकडे करून उभे केले आणि संगणकावर पत्र भरले. पाठवून झाल्यावर त्याची छापील प्रत काढली आणि कौतुकाने तिच्याच हातात दिली.

घनसावंगीच्या जीपमध्ये अक्षताने ती वाचली. बाई शेजारीच होत्या. गाव येईपर्यंत पोरगी तोच कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. उतरल्यावर तिने कागदातला एक रकाना दाखवला. उमेदवार आपल्या विद्यार्थ्यांमध्ये कुठे बसते? वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा, पंचवीस की पन्नास? मच्छिंद्र सरांनी ठसठशीत खूण केली होती पन्नासवर.

"आत्या, म्हंजी सरांनी मला निम्म्यात टाकलं," अक्षता म्हणाली. "आता कोण घेतंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पहिल्या एसटीने कॉलेजात हजर. मच्छिंद्र सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि टक्क्यांचा विषय निघताच त्यांना खरोखर वाईट वाटले.

"ताई, मी काय कंजुषी करून राह्यलो का?" ते म्हणाले. "एवढी हुशार पोरगी, तिला एक टक्का देऊ? इथं पस्तीसला पास करतो आपण. शंभरचा खानाच ठिवला न्हाई त्यायनं, न्हाई तर शंभर दिले असते."

यात चूक काढता येत नाही. जिथे शंभरापैकी गुण मिळतात तिथे एक टक्का म्हणजे पाटी कोरी. बाईंनी शांतपणे समजावले की तिकडे उलटे असते. सरांनी चष्मा पुसला.

"मंग पन्नास खाली झालं?"

"खाली झालं, सर."

"आन पोरीला वर न्यायचं तर?"

"एक, सर. फकस्त एक."

सरांचा चेहरा उजळला. "आधी सांगायचं न्हाई का, ताई. माझंच चुकलं. शुभकामाला बिनाएकाचा आकडा कोण देतं?"

बाईंनी चहा संपवला आणि निर्धास्त मनाने परतीची एसटी धरली. एसटी तीर्थपुरी ओलांडत असताना इकडे मच्छिंद्र सरांनी विद्यापीठाकडे रीतसर शुद्धिपत्रक रवाना केले होते: 'सदर विद्यार्थिनीच्या बाबतीत पन्नास टक्के असे नमूद झाले आहे, ते एक्कावन्न टक्के असे वाचावे. चूक अनवधानाने झाली असून तिचा उमेदवारावर परिणाम होऊ देऊ नये.'

त्याची प्रत पाहिल्यावर बेबीनंदाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला वर्तन वाईट असल्याचा दाखला दिला नव्हता, आणि घरच्याच पोरीला निम्म्यातून काढून निम्म्याच्याही खाली ढकलले. भिवा म्हणाला, जाऊ दे अक्का, जमीन इतकी वर्षं पांढरी हाय, आणखी र्‍हाईल. ते ऐकून बाईंना जास्त लागले.

पाच आठवड्यांनी विद्यापीठाचे उत्तर आले. अक्षताने ते तीनदा वाचले आणि मग आत्याला मराठीत सांगितले. निवड समितीचे म्हणणे असे होते. गेल्या अकरा वर्षांत त्यांच्याकडे जगभरातून आलेल्या शिफारसपत्रांतला प्रत्येक विद्यार्थी वरच्या एक टक्क्यात होता, नापास झालेले धरून. आपल्या विद्यार्थिनीला मध्यावर ठेवणारा आणि नंतर एका टक्क्याची चूक मनाला टोचली म्हणून तिला आणखी खाली उतरवून तसे कळवणारा शिक्षक त्यांनी पहिल्यांदा पाहिला. मातीच्या शास्त्राला असेच काटेकोर हात लागतात. दुसऱ्या एका पत्रात उमेदवाराची मोजून घेतलेली उगवणशक्ती दिली होती, त्याचाही समितीवर चांगला परिणाम झाला. तिसऱ्या पत्रावरून उमेदवार गुरूविषयी कृतज्ञ दिसते. प्रवेश दिला आहे, फी माफ.

अक्षता गेली. गावाने तिला जालन्याच्या स्टेशनपर्यंत पोचवले. मच्छिंद्र सरांनी भाषणात सांगितले की टक्के देताना हात आखडता घेऊ नये.

त्यानंतर बाईंच्या दारात चपला मावेनात. घनसावंगीहून आले, तीर्थपुरीहून आले, वाटूरहून तर एक जीप भरून आली. सगळ्यांची मुले परदेशी जाणार होती आणि सगळ्यांना पत्र हवे होते. कमी टक्का म्हणजे वरचा टक्का, हे ज्ञान एव्हाना सगळ्या तालुक्यांत पोचले होते. बाई वही उघडून प्रत्येकाला एकच विचारत, तुमचं लेकरू कुठं बसतं? वर्षभरात २१३ नावे झाली. सगळी एक टक्क्यात.

बाईंचे गणित पक्के. २१३ मुले जर वरच्या एक टक्क्यात असतील, तर त्यांच्या खाली २१,०८७ मुले कुठे ना कुठे राहत असली पाहिजेत. आता विद्यापीठाला हवी आहेत तीच. त्यांच्यापैकी कोणी खरे सांगून अर्ज केला तर त्याला प्रवेश मिळणार यात शंका नाही. म्हणून बाईंनी त्यांचा शोध सुरू केला आहे. अजून एकही सापडलेले नाही.

वाचकांपैकी कोणी त्या २१,०८७ मध्ये असल्यास त्यांनी स्वतः येऊन भेटावे. बाई दुपारी चारपर्यंत घरीच असतात. मात्र शेजाऱ्याचे, जावेचे किंवा ऑफिसातल्या कोणाचे नाव सुचवू नये. तशी नावे लोकांनी आपणहून भरपूर दिली आहेत. त्या यादीत तुमचेही आहे.