मनगटाला मानवेल असं पिस्तूल

पिस्तूल घ्यायचं, हे मी चहा पिता पिता ठरवलं. (माझे सगळे धाडसी निर्णय चहा संपायच्या आत होतात आणि कप विसळायच्या आत मोडतात. हा मोडला नाही, म्हणून तर हे लिहायची वेळ आली.)

झालं होतं असं. आम्ही राहतो इंग्लंडात, ब्रॅकनेलला. आमच्या मागच्याच रस्त्यावर राहणाऱ्या मंजिरीच्या घरी भरदिवसा चोरी झाली. चोरांनी टीव्हीकडे पाहिलं नाही, लॅपटॉप बाजूला सारला, आणि कपाटातलं सोनं तेवढं उचललं. आपल्या माणसांच्या घरात काय असतं हे इथल्या चोरांना आता आपल्या नातेवाइकांइतकंच ठाऊक झालंय. त्याच संध्याकाळी माझ्या बायकोने, ऋजुताने, गळ्यातली ठुशी काढली आणि तांदळाच्या डब्यात पुरली.

ही ठुशी तिच्या आईची. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्याआधी त्यांनी ती स्वतःच्या गळ्यातून काढून लेकीच्या गळ्यात घातली आणि सांगितलं, "चैत्रगौरीला घालत जा गं." येत्या शनिवारी आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आणि ऋजुताने बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, की सगळ्यांनी कृपया खोटे दागिने घालून यावं. तो टाकताना तिचे डोळे भरून आले होते. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"खोटे दागिने? आपल्या घरात? तू खरी ठुशी घालायचीस. मी आहे ना!"

"तू आहेस, हे चोरांना कोण सांगणार?" ती म्हणाली.

हे मला लागलं. मी तिथेच घोषणा केली, की शनिवारी ठुशी तिच्या गळ्यात असेल आणि मी पहाऱ्यावर असेन, सशस्त्र.

आता शस्त्र म्हटलं की निवड आली. पंधरा वर्षं माउस फिरवून माझं उजवं मनगट कामातून गेलंय. कायम पट्टा असतो. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी मनगटाला मानवेल असं पिस्तूल शोधणं भाग होतं. इंटरनेटवर अमेरिकन लोकांनी या विषयावर इतक्या मायेने लिहिलंय, की आपल्याकडे लोक लोणच्यावर लिहीत नसतील. मूठ कशी असावी, धक्का किती बसतो, आखूड बोटांना काय झेपतं. मी एक पसंतही करून टाकलं. तेवढ्यात आमची सोळा वर्षांची दिया मागून डोकावली.

"बाबा, तुझी प्रॉब्लेम काय आहे? हे गन इथे टोटली इलिगल आहे."

"घरात ठेवायला?"

"कुठेपण ठेवायला. यू'ड गो टू प्रिझन."

"बरं, मग मिरचीचा फवारा?"

"तो पण इलिगल."

"नुसती मिरचीपूड? घरची?"

"बाबा, सीरियसली. मिरची फक्त भाजीत टाक."

म्हणजे चोराने खुशाल यावं, आणि मालकाने त्याला पन्हं विचारावं! पण मी असा ऐकणारा नव्हे. चोराला इजा करायची नाही ना? नाही करत. त्याला रंगवतो. पोलिसांना लांबून ओळखू आला म्हणजे झालं. आणि एकदा लागला की सात जन्म जात नाही असा रंग आपल्या प्रत्येक घरात असतो. हळद!

(इथे आपल्याला माझ्या बुद्धीचं कौतुक वाटत असेल, तर ते आत्ताच उरकून घ्या.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर सटकून मी टाउन सेंटरमधल्या खेळण्यांच्या दुकानात गेलो आणि पाण्याची पिस्तुलं एकेक करून हातात धरून पाहिली. एकाची मूठ जाड, एकाचा चाप घट्ट, एक इतकं मोठं की ते खांद्यावर घ्यायला माणूस ठेवावा लागला असता. शेवटी एक पोपटी-नारिंगी सापडलं. रबरी मूठ, हलका चाप, मनगटाला अजिबात ताण नाही. मी आरशासमोर दोनदा नेम धरला.

"ज्याच्यासाठी घेताय तो केवढा आहे?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"शेहेचाळीस," मी बाणेदारपणे म्हणालो.

शुक्रवारी मी सांगलीहून आलेली हळद पाण्यात कालवली, तोटी तुंबू नये म्हणून ऋजुताच्या जुन्या ओढणीतून गाळली आणि पिस्तूल भरलं. ऋजुता दारात उभी राहून बघत होती.

"मनगटाला पट्टा, हातात पिचकारी. चोर हसून मरेल, मग खुनाची केस होईल."

"उद्या ठुशी घालणार की नाही?"

"नाही," ती म्हणाली. पण मग थोड्या हळू आवाजात, "आईला खोटं काही आवडायचं नाही रे," एवढंच बोलली आणि डाळ भिजत घालायला वळली. मग मात्र मी ठरवलं, आता जग इकडचं तिकडे झालं तरी मागे हटायचं नाही.

शनिवारी दुपारी गौर सजली, कैरीचा वास घरभर सुटला. ऋजुताने खोटी मोत्यांची माळ घातली आणि आरशात पाहायचंही टाळलं. मी मागच्या बागेत, शेडच्या आडोशाला दबा धरून बसलो. घरात सोन्याच्या आशेने कुणी शिरणार तर बाजूच्या फाटकातूनच, हा माझा अंदाज.

अंदाज खरा ठरला. कडी वाजली. फाटक कुरकुरलं. एक उंच आकृती पाठमोरी आत आली.

"कोण आहे रे!" मी ओरडलो. मग चोर मराठी नसण्याची शक्यता ध्यानात घेऊन "हँड्स अप!" म्हणालो, आणि तो वळताच चाप ओढला.

ते होते ग्रॅहम. आमचे शेजारी, वय पंच्याहत्तर. दोन्ही हातांत आमच्या घडीच्या खुर्च्या. (आमच्या नव्हे, त्यांच्याच. ऋजुताने हळदीकुंकवाला मागितल्या होत्या. मला कुणी काही सांगत नाही.) दुपारी त्यांची बोल्सची, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाची, मॅच होती, त्यामुळे पायांपासून गळ्यापर्यंत पांढरेशुभ्र कपडे. म्हणजे होते. आता छातीवर भलामोठा पिवळाधमक डाग पसरत चालला होता आणि तो सभ्य माणूस माझा हुकूम पाळायचा म्हणून खुर्च्यांसकट हात वर करायची धडपड करत होता.

"मिलिंद," त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हा सणाचाच भाग आहे का?"

मी शरमेने अर्धमेला झालो. पण हातपाय गाळून बसणारा मी नव्हे! पिस्तूल कमरेला खोचलं, आतून कपडे धुवायचा साबण आणि बादली आणली आणि ग्रॅहमना म्हटलं, "फक्त हात वर ठेवा. मिनिटात जाईल."

आणि घासू लागलो. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक असतं, ते नेमकं त्या क्षणी मला आठवलं नाही. हळदीला साबण लावायचा नसतो. पिवळा डाग बघता बघता केशरी झाला, केशरीचा लाल झाला, आणि मी जसजसा जोरात घासत गेलो तसतशी ग्रॅहमची छाती रक्तबंबाळ होत गेली.

नेमक्या याच वेळी समोरच्या घरातली बाई कुत्र्याला घेऊन बाहेर पडली. तिने उघड्या फाटकातून काय पाहिलं असेल, याचा मी पुढे शांतपणे विचार केला आहे. हात वर केलेला, छाती लालभडक झालेला म्हातारा. त्याच्यापुढे कमरेला पिस्तूल खोचलेला मी. तिने किंकाळी फोडली नाही, हे ब्रिटिश संस्कार. फक्त फोन लावला.

पोलीस यायला अजिबात वेळ लागला नाही. एक गाडी, मागोमाग दुसरी, दिवे फिरतायत.

"शस्त्र खाली ठेवा!"

"माझं घर आहे, माझी बाग आहे," मी ठणकावलं. "मी कुणाच्या बापाला भीत नाही!" (हे मराठीत. शस्त्र तोवर गवतावर ठेवलं होतं, आणि शेजारी मीही पालथा पडलो होतो.)

सार्जंटने पोपटी पिस्तूल दोन बोटांत उचललं, हुंगलं.

"हे काय आहे?"

"टर्मरिक."

"लाटे कॉफीत घालतात ते?"

"मी अगदी ठीक आहे," ग्रॅहम म्हणाले. "फक्त मॅचला उशीर होतोय."

आवाज ऐकून ऋजुता बाहेर आली. तिने ग्रॅहमचा शर्ट पाहिला, साबण पाहिला, आणि मला उद्देशून जे बोलली ते मी गाळतो. तात्पर्य असं, की हळदीचा डाग उन्हात वाळत घालायचा असतो, अक्कल असेल तर. (ब्रॅकनेलमध्ये ऊन कुठून आणायचं, हे मी विचारलं नाही.)

जबाब घ्यायला सार्जंटने मला गाडीत मागे बसवलं. अर्धवट उघड्या काचेतून मला आमचं दार दिसत होतं आणि बोलणंही ऐकू येत होतं. पहिली आली मंजिरी. दोन पोलीस गाड्या पाहून दचकली.

"ऋजुता, अगं काय झालं?"

"काही नाही गं, मिलिंद."

"अच्छा," मंजिरी म्हणाली, जणू हे रोजचंच आहे. मग पुन्हा गाड्यांकडे पाहिलं. "थांबणार आहेत का हे?"

"दिसतायत तरी."

मंजिरीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. चोरांच्या हातून वाचलेल्या तिच्या पाटल्या. त्या तिने तिथेच, पायरीवर, हातांत सरकवल्या. मागून अरुणा आली, तिनेही खोटं काढून खरं घातलं. ते पाहून ऋजुता झर्रकन आत गेली. परत आली तेव्हा गळ्यात ठुशी होती. एक तांदळाचा दाणा अजून तिला चिकटलेला होता.

खरं सांगतो, मला भरून आलं. मी शब्द दिला होता आणि तो खरा झाला होता. कसा, याच्या खोलात कशाला शिरा?

थोड्या वेळाने ऋजुता आंबेडाळीची वाटी घेऊन गाडीपाशी आली. वाटी तिने सार्जंटला दिली. मग काचेशी वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "मिलिंद, एवढ्यात काही कबूल करू नकोस. हळदीकुंकवाला यायची ती नीना अजून रीडिंग गावाहून निघालीच नाहीये, आणि तीही खरं सोनं घालून येतेय."

अठरा वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर टाकलेली ही पहिली जबाबदारी. मी मान ताठ केली, सार्जंटच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि सांगितलं, की वकील आल्याशिवाय मी यापुढे एक अक्षरही बोलणार नाही, काय करायचं ते करा.

सार्जंटने चमचा चाटून पुसून खाली ठेवला.

"सर, तुम्हाला आम्ही केव्हाच सोडलंय," तो म्हणाला. "आम्ही दुसऱ्या वाटीसाठी थांबलोय."