मौजे आंबेखोल येथे मनुष्य नाही ऐसे ठरले त्याची हकिकत

श्रीगणेश प्रसन्न, ग्रामदैवत रवळनाथ प्रसन्न, आणि दरबारचे कारकून प्रसन्न जाहल्यास उत्तमच, ऐसे म्हणोन लेखनास आरंभ केला असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका थोर राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची छाती लेखकास नाही, समुद्रालगतचे मुलखी मौजे आंबेखोल म्हणोन गाव होता, आणि गावाचे माथ्यावर कातळाचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, होता, आणि सड्याचे पोटातून बारमाही झरा निघत होता, आणि त्या एका झऱ्यावर गावचे चाळीस कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, पाऊस सरल्यावरही दुसरे पीक देत होते. वरचा पहिला कुणगा रवळू गावकराचा. हा गावचा मानकरी. देवापुढे उभे राहोन कौल मागण्याचा मान त्याचे घराण्याकडे. शरीराने काटक, बोलण्यास कमी, देवाखेरीज कोणास न भिणारा. बायको शेवंतीबाय हीस भीत असे, परंतु ते सर्वांचेच असल्याने वेगळे लिहीत नाही.

पुढे सड्याखाली लोखंडाचा दगड आहे ऐसी वार्ता राजधानीस गेली. दिवाणसाहेबांस रयतेचा कळवळा मोठा. रयतेचे कल्याण कोठे पुरले आहे म्हणोन ते सदैव शोधात असत, आणि ते नेमके खाणसरदाराने बोट ठेवावे तेथेच सापडत असे. मग आज्ञा जाहली की, आंबेखोली जाऊन वस्ती किती, पीक किती, हरकत कोणाची, हे समक्ष पाहोन लिहावे. या कामी राजश्री त्र्यंबकपंत कारकून नेमिले. गृहस्थ अक्षराने सुरेख आणि नजरेने आज्ञाधारक.

आता आंबेखोलची रीत ऐसी की, दर तिसरे वर्षी देवाचा कौल घेऊन सारा गाव तीन दिवस घरे सोडून जातो, त्यास गावपळण म्हणतात. माणसे, गुरे, कोंबडी, कुत्री, मागे कोणी राहात नाही. चूल पेटत नाही. गाव देवाचे स्वाधीन करून लोक हद्दीचा ओहोळ ओलांडतात आणि पलीकडे झावळ्यांची खोपटी घालून मौजेने राहतात. त्या वर्षीचा कौल रवळूने मागितला आणि देवाने दिला, आणि दरबारची पाहणी नेमकी त्याच दिवसांत आली. देवास दरबारचे वेळापत्रक कोणी कळविले नव्हते, आणि दरबाराने गावास कळविण्याची तसदी घेतली नव्हती.

त्र्यंबकपंत चारचाकी रथातून उतरले, आणि दारे ठोठाविली, आणि आकाशात भिरभिरते यंत्र सोडून घरांच्या छपरांची चित्रे घेतली. मनुष्य दिसेना, कुत्रे भुंकेना. मग दोन प्रहरी भूक लागली, तेव्हा ओहोळापलीकडे धूर पाहोन तिकडे गेले. रवळूने बसावयास घोंगडी दिली आणि शेवंतीबायने बांगड्याची आमटी आणि भात वाढिला.

पंतांनी पुसले, "तुम्ही कोठले?"

"तो पलीकडे दिसता तो गाव आमचो," रवळू बोलिला. "देवाच्या हुकुमान तीन दीस भायर इलंव. परवा कौल झालो की घरी."

पंतांनी मान डोलाविली, आमटी दोन वेळा मागून घेतली, सोलकढी वर प्याले, हात धुतले, आणि ओहोळ उतरून पुन्हा हद्दीत जाऊन वहीत लिहिले: गाव निर्जन. चुली थंड. गुरे नाहीत, सबब शेती नाही. हरकत घेणारा कोणी आढळला नाही. हद्दीबाहेरील माणसे मोजणीत धरण्याची आज्ञा नव्हती, म्हणोन पंतांनी ती धरिली नाहीत. ऐसा नेकीचा चाकर राज्यास क्वचित लाभतो.

पंधरा दिवसांत सडा खाणसरदारास बहाल जाहला. त्या हुकुमाची प्रत गावास आली नाही, कारण निर्जन गावी प्रत घेणार कोण? वार्ता मात्र आली, आणि रवळूने अन्न टाकिले. त्याचे मनात एकच सल, की गावपळणीची तारीख आपण मागितली. शेवंतीबाय बोलिली, "अवो, कौल देवान दिल्यान, कागद त्या मेल्यान लिवल्यान. तुमी कित्याक जीवाक लावन घेतास? भायर पडलंव ती काय चोरी केलंव?" परंतु बाप-आज्यांनी राखिलेला झरा आपले हाताने जातो की काय, या भयाने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मग नवराबायको आणि गावचे दहा जण राजधानीस गेले. दिवाणसाहेबांनी भेट दिली, चहा पाजला, आणि फार गोड बोलिले की, तुमचे म्हणणे रास्त आहे, परंतु आंबेखोली मनुष्य नाही, तेव्हा हे म्हणणे कोणाचे समजावे? वस्तीचा सरकारी दाखला आणावा. दाखला देणार त्र्यंबकपंत, आणि पंत बोलिले की, दाखला पाहणीवरून देतात, आणि पाहणीत तुम्ही नाही.

शेवंतीबाय त्यांचे मेजाशी गेली. "पंतानु, माज्या हातचा जेवलास. मी नाय होतंय तर वाढल्यान कोणी?"

पंतांनी कागद चाळिले आणि नम्रपणे बोलिले, "बाई, जेवणाचा रकाना या नमुन्यात नाही."

पौष मासी पिवळी यंत्रे सड्यावर चढली, एकेक हत्तीएवढे. तेव्हा गाव काही मसलत न करिता उठला आणि झऱ्याचे तोंडाशी जाऊन बसला. कोतवाल पन्नास शिपाई घेऊन आले, हुकूम वाचिला, उठा म्हणाले, कोणी उठेना. मग सर्वांस कैद करण्याचे ठरले. परंतु राज्याचा कायदा कडक. बेनावाचा मनुष्य बंदीत टाकिता येत नाही. म्हणोन कोतवालाचे लेखनिकाने झऱ्यावरच वही उघडिली आणि पहिला रवळूस पुढे घेतला.

"नाव? बापाचे नाव? राहणार कोठे?"

"आंबेखोल," रवळू बोलिला.

"केव्हापासून?"

"जल्मापासून."

लेखनिकाने ते जसेच्या तसे लिहिले आणि खाली सरकारी शिक्का मारिला. रवळू शिक्क्याकडे पाहात राहिला. महिनाभर जो दाखला दारोदार मागितला तो हाच, हे त्याचे ध्यानी आले. मग मागे वळोन बोलिला, "घाई करू नकात. सगळ्यांनी नाव सावकाश सांगा, आणि नीट लिवन घेवा." मग काय पुसता. जे शेतात होते ते धावत आले, जे कुंपणाआड लपले होते ते आपण होऊन शिपायापुढे उभे राहिले, नव्वद वर्षांची सत्यवतीकाकी खाटेवरून उचलोन आणविली, ती लेखनिकावर डाफरली, "माका पण लिव रे. चार कुणगे माजे हत." कोतवाल घामाघूम जाहले आणि बोलिले की, ऐसी कैदेची हौस चाकरीत पाहिली नाही. एकंदर दोनशे चौदा असामी गुन्हेगार जाहले.

सात दिवस लोक बंदीत होते. आठवे दिवशी न्यायाधीशांपुढे उभे केले, आणि आंबेखोलच्या दोनशे चौदा रहिवाशांनी सरकारकामास अडथळा केला, ऐसे वाचिले. न्यायाधीशांनी पंतांची पाहणी आणि कोतवालाची वही हे दोन्ही कागद शेजारी ठेविले आणि दिवाणांस पुसले की, यातील खोटा कोणता? दिवाण जात्याच चतुर. बोलिले, दोन्ही खरे. मार्गशीर्षात गाव निर्जन होता, पौषात वस्ती जाहली. न्यायाधीशांनी नव्वद वर्षांच्या सत्यवतीकाकीकडे पाहिले, तीस महिनाभरात उपजलेली मानण्यास त्यांचे मन धजेना, आणि त्यांनी खाणीचा हुकूम रद्द केला.

लोक जामिनावर घरी आले. परंतु त्या सात दिवसांत यंत्रांनी झऱ्याचे तोंड उकरिले होते, आणि रवळूचा वरचा कुणगा लाल चिखलाखाली गेला होता. तो बांधावर बसोन पुष्कळ रडला. तीन दिवस बायकोसह चिखल उपसला, तेव्हा बोटाएवढी धार खाली लागली, आणि बाकीचे कुणगे भिजू लागले.

चौथे दिवशी स्वतः दिवाणसाहेब बांधावर आले आणि फार मायेने बोलिले, "गावकर, दरबार कृपाळू आहे. सर्वांचे गुन्हे माफ. कोतवालाचे वहीतील तुमचे नावांची पाने फाडून टाकितो, तुमचे नावास डाग नको."

रवळू गुडघाभर चिखलात होता. त्याने शेवंतीबायकडे पाहिले, आणि तिने मान हलविली.

"माफी नको," रवळू बोलिला. "गुन्हो ऱ्हवांदे."

दिवाणसाहेब घरोघर फिरले, आणि माफी घेण्यास गावात एकही मनुष्य आढळला नाही.

येणेप्रमाणे हकिकत. सारांश इतकाच की, या राज्यात रयत नांदते, पिकविते, कारकुनास जेवू घालते, तरी तीस कोणी पाहात नाही. गुन्हा केला म्हणजे दिसू लागते. आंबेखोलकर आजमितीस जामिनावर आहेत, आणि भात कापणीस आले आहे.