भोंडल्याचा निःपक्षपाती हत्ती

सन २००४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावच्या मराठी मंडळावर एक गंभीर प्रसंग ओढवला. गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर लावलेलं भोंडल्याचं पोस्टर कुणीतरी काढून टाकलं. पोस्टरवर हॉलचा पत्ता होता, वेळ होती, ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी सूचना होती आणि मधोमध सोंड वर केलेला हत्ती होता. पोस्टर लावणाऱ्या सिद्धेशने रिकाम्या जागेकडे बघितलं, उरलेल्या टाचण्यांकडे बघितलं आणि तो घरी आला. आत टेबलाशी बसलेल्या बाईंना विचारावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. कारण विचारण्यापेक्षा कारण काढणं आपल्या लोकांना जास्त जमतं, आणि सिद्धेश तर सॉफ्टवेअरमधल्या चुका काढूनच पोट भरत होता.

त्याने कारण काढलं. निवडणूक तोंडावर आलेली, आणि हत्ती ही इथल्या दोन पक्षांपैकी एकाची निशाणी. म्हणजे मंडळाने प्रचार केला. म्हणजे मंडळाची करमाफी गेली. म्हणजे सरकारी चौकशी. म्हणजे सगळ्यांचे व्हिसे. एवढं सगळं त्याने जेवणाआधी टाइप केलं, विषयाच्या जागी नुसतं ‘हत्ती’ लिहिलं आणि मंडळाच्या घराघरांत ईमेलने पाठवून दिलं. त्या दिवशी पिस्कॅटवेत पुष्कळांच्या आमट्या गार झाल्या.

आता हा हत्ती होता शरयू मावशींचा. मावशी चौथी पास. लेकाकडे, परीक्षितकडे, येऊन राहिल्याला सहा वर्षं झाली होती. बार्शीला असताना त्यांच्या हुकमाशिवाय घरात पोळीही उलटत नसे. इथे आल्यावर गाडीत मागची सीट, दुकानात पाट्या वाचता येईनात, फोन वाजला की ‘परीक्षित नो होम’ एवढंच म्हणायचं. नात शिवांगी, आठ वर्षांची, त्यांनी मराठीत दहा वाक्यं बोलली की इंग्रजीत एक शब्द परत करायची, आणि तोही बहुतेक वेळा ‘ओके’. पण नवरात्रातल्या एका संध्याकाळी मावशी पाट घेत, खडू घेत आणि हत्ती काढत. मग मोठमोठ्या पगाराच्या बायका, डॉक्टरणी, पीएचड्या, हात धरून त्या हत्तीभोवती फेर धरत. या देशात मावशींनी मधोमध काही मांडावं आणि जगाने त्याभोवती फिरावं, अशी तेवढीच एक संध्याकाळ होती. त्यामुळे हत्ती गेला तर काय जाईल हे समितीला ठाऊक नसलं, तरी मावशींना पक्कं ठाऊक होतं.

समिती लगेचच स्थापन झाली. मंडळाचे अध्यक्ष शशिकांत यांच्या बेसमेंटमध्ये. शशिकांत प्रोजेक्ट मॅनेजर होते. घरातलं दूध संपलं तरी आधी जबाबदारी निश्चित करून मगच ते दुकानात जात. त्यांनी ‘भोंडला प्रतिमा व प्रतीक संरक्षण समिती’ असं नाव पडद्यावर झळकवलं, सेक्रेटरी नेत्राला इतिवृत्त लिहायला बसवलं आणि मावशींना विषयतज्ज्ञ म्हणून वॉशिंग मशीनशेजारची खुर्ची दिली.

“मावशी, एक साधा प्रश्न,” शशिकांत म्हणाले. “हा हत्ती नक्की कुणाचा?”

“माझा.”

“तसं नाही हो. तो कशाचं प्रतिनिधित्व करतो?”

“हस्त नक्षत्राचं. तुझ्या आईला विचार, लाव फोन.”

“तिकडे आई झोपली असेल.”

“उठव की. पोरगा एवढा शिकून खडूच्या हत्तीला भ्याला, हे तिलाही कळू दे.”

नेत्राने लिहिलं : ‘विषयतज्ज्ञांनी हत्तीच्या मालकीबाबत दावा नोंदवला. आंतरराष्ट्रीय पडताळणी प्रलंबित.’

मग पर्याय निघाले. नेत्रा म्हणाली, हत्तीऐवजी मोर ठेवू. सिद्धेश म्हणाला, मोर टीव्हीच्या एका चॅनेलचा आहे, कोर्टात खेचतील. ससा? या प्रश्नावर सगळे पुरुष एकदम छताकडे बघायला लागले. एका मासिकावर ससा असतो, आणि ते मासिक कसलं असतं हे नवऱ्याला कसं माहीत, हा प्रश्न प्रत्येक बायकोने घरी जाईपर्यंत राखून ठेवला. अस्वल? “यार, अस्वल म्हणजे शेअर बाजार पडणार,” सिद्धेश म्हणाला, “आपल्या सगळ्यांचे पैसे त्यात आहेत.” अस्वल एकमताने फेटाळलं गेलं.

“हत्ती नसेल तर मी येणार नाही,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, प्लीज गैरसमज नको,” नेत्रा गोड आवाजात म्हणाली. “तुम्ही नसलात तर मी मॅनेज करीन. कॉम्प्युटरवर तयार चित्रं मिळतात.”

मावशी खुर्चीत परत टेकल्या. ‘मॅनेज’ या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता, पण सून स्वयंपाकघरात तो वापरायला लागल्यापासून फोडणी कुणी द्यायची हा प्रश्न त्यांच्या हातून निघून गेला होता.

शेवटी सिद्धेशनेच तोडगा काढला. “बॅलन्स करू. दुसऱ्या पक्षाची निशाणीपण शेजारी ठेवू. म्हणजे आपण न्यूट्रल.”

“दुसऱ्याची कुठली?” मावशींनी विचारलं.

शशिकांतनी घसा खाकरला. “गाढव.”

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. हसणाऱ्या त्या एकट्याच, हे लक्षात आल्यावर थांबल्या. “खरंच? आणि लोक त्याला मतं देतात?”

“निम्मा देश देतो, मावशी.”

“आणि उरलेला निम्मा?”

“हत्तीला.”

“म्हणजे या देशात माणसाला मतच नाही म्हणा की! ते काही असो, माझ्या पाटावर गाढव चढणार नाही.”

“नाही तर नाही. मी काढते,” म्हणून नेत्राने इतिवृत्ताच्या कोपऱ्यात नमुना काढून दाखवला. ते गाढव कान ओढलेल्या कुत्र्यासारखं दिसत होतं आणि त्याला पाय पाच होते. नेत्रा म्हणाली, पाचवी शेपटी आहे. मावशींनी ते बघितलं. डोळे मिटले. पुन्हा उघडून बघितलं.

“आण खडू इकडे! बसवायचंच आहे ना, तर गाढव निदान गाढवासारखं तरी दिसू दे.”

इतिवृत्तात एवढंच आलं : ‘विषयतज्ज्ञांची सहमती मिळाली.’

एकदा न्याय करायचा म्हटला की तो कुठे थांबवायचा, हे कुठल्याच समितीला आजवर कळलेलं नाही. पुढच्या बैठकीला सिद्धेश मोजपट्टी घेऊनच आला. हत्ती मोठा आणि गाढव लहान हे पक्षपाताचं लक्षण, म्हणून दोघांची उंची समान ठरली. मग रंग निघाला. लाल रंग हत्तीवाल्यांचा, म्हणून कुंकू बंद. निळा गाढववाल्यांचा, म्हणून निळ्या पैठण्या बंद. हिरवा आणखी एका तिसऱ्याच पक्षाचा, म्हणून हिरवा चुडा बंद. हळद कुठल्याच पक्षाने घेतलेली नव्हती. त्यामुळे बायकांनी पिवळं नेसावं, पिवळं लावावं असा ठराव झाला. “म्हणजे काविळीची साथ आल्यासारखं दिसणार आपण सगळ्या,” असं मावशी म्हणाल्या, ते नेत्राने ‘सौंदर्यविषयक निरीक्षण’ म्हणून नोंदवलं.

गाण्यांची पाळी आली. भोंडल्याच्या गाण्यांत सासूची निंदा असते. शशिकांत म्हणाले, हा एकतर्फी प्रचार झाला, दुसऱ्या बाजूलाही समान वेळ मिळाला पाहिजे. म्हणून सासूविरुद्ध एक गाणं झालं की सुनेविरुद्ध एक व्हावं असं ठरलं. समितीच्या सगळ्या कारभारात मावशींना मनापासून पटलेला असा हा एकच ठराव. सुनेविरुद्धची गाणी अस्तित्वात नव्हती, ती रचायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आणि मागितली होती त्याच्या दुप्पट रचून दिली.

बैठक उठता उठता कुणीतरी हळूच विचारलं, “पण मग मागच्या महिन्यात आपण गणपती बसवला, त्याचं मस्तक...?” शशिकांतनी उठून बेसमेंटचं दार लावून घेतलं. शेवटी गणेशोत्सवाच्या फोटोखाली एक ओळ टाकायचा निर्णय झाला : ‘सदर मस्तकाचा कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध नाही.’ गणपतीच्या शेजारी समतोल साधायची सूचना सिद्धेशच्या ओठांवर आली होती. पण मावशींनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की त्याने ती पाण्याबरोबर गिळली.

भोंडल्याच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये दोन पाट मांडले होते. एकावर हत्ती, एकावर गाढव, दोघांची सोंड-मान सारख्या उंचीला. निःपक्षपातीपणाला साक्षीदार हवा म्हणून शशिकांतनी वाचनालयाच्या त्या बाईंनाच खास आमंत्रण देऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाई हौसेने पिवळा स्वेटर घालून आल्या होत्या. दोन पाटांभोवती फेर धरायचा म्हणजे तो गोल होईना, दुधीसारखा लांबट झाला. त्यात अर्धे फेरे उजवीकडून आणि अर्धे डावीकडून, हाही ठराव. दिशा बदलली की पुढच्या बायका मागच्या बायकांवर आदळत आणि पिवळी हळद पिवळ्या साड्यांना लागे.

दोन गाणी झाल्यावर टाळ्या वाजवत बाईंनी विचारलं, “फारच सुंदर! तुमच्यातले कितीजण मत देणार आहेत?”

नेत्राने मराठीत विचारलं. एकही हात वर झाला नाही. बहुतेकजणी नवऱ्याच्या व्हिसावर, उरलेल्या ग्रीन कार्डाच्या रांगेत. नागरिक असे थोडेच, त्यांत शशिकांत. ते कसंनुसं हसून म्हणाले, “मतदार म्हणून नाव नोंदवलं की कोर्टात ज्युरीच्या कामाला बोलावतात हो. कुणाला वेळ आहे!”

“मग हे गाढव आणि हत्ती?”

तेव्हा शशिकांतनी सगळी हकिकत सांगितली. पोस्टर, फळा, प्रचाराचा संशय, समिती. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पोस्टर मीच काढलं. ते फळ्याच्या मानाने फार मोठं होतं, मुलांच्या गोष्टींच्या तासाची नोटीस झाकली जात होती. लहान कागदावर आणाल म्हणून मी वाट बघत होते. मला तर तो हत्ती फार आवडला होता.”

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. मावशींना नेत्राने सगळं मराठीत सांगितलं, जितकं कमी शब्दांत सांगता येईल तितकं कमी शब्दांत. मावशींनी ऐकून घेतलं, पदर खोचला, पाण्याच्या भांड्यात रुमाल बुडवला आणि त्या गाढवाच्या पाटाकडे निघाल्या. “आता कुणाची सहमती विचारणार नाही मी.”

पाटाशी पोरांचा घोळका बसला होता. दरवर्षी भोंडल्याला ही पोरं कोपऱ्यात हातातल्या खेळात डोकं घालून बसायची. आज त्यांनी गाढवापुढे चिप्स ठेवल्या होत्या. घोळक्यात शिवांगी होती. मावशींच्या हातातला ओला रुमाल बघून ती दोन्ही हात पसरून आडवी आली.

“आजी, नो! ही’ज सो क्यूट!” आणि मग सहा वर्षांत पहिल्यांदाच, मोडकं का होईना, मराठीत म्हणाली, “तू काढला? हा तू काढला, आजी?”

मावशींच्या रुमालातून पाण्याचे थेंब पायावर गळत राहिले. सहा वर्षं त्यांनी हत्ती काढला होता. कुणी काढला, असं या पोरीने कधी विचारलं नव्हतं.

“मीच काढला. दुसरं कोण काढणार?” मावशी म्हणाल्या. त्यांनी खडू घेतला आणि गाढवाच्या गळ्यात घुंगरांची माळ काढली. शिवांगीने शेजारच्या दोन पोरींचे हात धरले. त्या वर्षीचा शेवटचा फेर सगळ्या पोरांनी धरला, आणि तो बऱ्यापैकी गोल होता.

समिती बरखास्त करायची राहून गेली. पुढच्या वर्षी निवडणूक नव्हती, पण पोरं गाढव मागत होती. त्याच्या पुढच्या वर्षी मंडळाच्या टी-शर्टावर गाढव आलं. मग घटनादुरुस्ती होऊन ते ‘संरक्षित पारंपरिक प्रतीक’ झालं, आणि कानांची लांबी परिशिष्टात दिली गेली.

सन २००८ मध्ये पुण्याहून नुकतीच आलेली विनीता नावाची मुलगी भोंडल्याला आली. पाटांकडे बघून तिने अगदी निरागसपणे विचारलं, “अय्या, भोंडल्यात गाढव कुठे असतं हो?”

गाणं थांबलं. बायका बाजूला सरकल्या. शशिकांत परिशिष्ट आणायला गाडीकडे धावले. शरयू मावशी खडूची बोटं पदराला पुसत पुढे आल्या आणि विनीताकडे नखशिखांत बघून म्हणाल्या, “तुमच्या पुण्यात विसरले असतील, बाई. आमच्यात पहिल्यापासून आहे. गाढवाशिवाय भोंडला म्हणजे काय, थट्टा आहे का?”

विनीता ओशाळली. तिने मुकाट्याने दोन्ही पाटांना हळद वाहिली आणि घरी जाऊन पुण्याला आईला फोन केला, की आपण इतकी वर्षं चुकीचं करत होतो. यंदा तिच्या आईच्या सोसायटीत गाढव बसलं. मूळ पद्धत आहे, अमेरिकेत नीट जपून ठेवली आहे, असं तिची आई सगळ्यांना सांगते.

हसा, हसा. हसून झालं की उठा आणि तुमच्या घरच्या सणाला मांडलेल्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवा. का मांडतो हे कुणालाच ठाऊक नाही, पण नाही मांडली तर सासू तीन दिवस बोलत नाही, अशी एखादी वस्तू त्यात असेलच. ती जरा उजेडात घेऊन बघा. आणि मुख्य म्हणजे, तिचे कान बघा.