कमळाआडचा फेटा

"थोरले आजोबा आले नाहीत तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही," राजनंदिनीनं जाहीर केलं आणि नानासोंच्या हातातली चहाची बशी कलंडली.

लग्न तोंडावर आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी ठरला होता, आणि आता नात हे बोलत होती. थोरले आजोबा काही परमुलखात राहत नव्हते. नानासोंचे सख्खे थोरले बंधू सुभेदार लालासाहेब एका भिंतीपलीकडं राहत होते. पण त्या भिंतीच्या दोन बाजूंना राहून दोघे भाऊ तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. ऊस एका बांधाला, पाणी एका विहिरीचं, आणि काही सांगायचंच झालं तर दोघंही ते मोठ्यानं म्हशीला सांगत. म्हैस ऐकायची, भिंत ऐकायची, आणि भाऊ समजून घ्यायचा.

कारण होतं एक फेटा. नानासोंच्या लेकीच्या, क्रांतीच्या लग्नात माईकवरून एकेका मानकऱ्याचं नाव पुकारून फेटे बांधले गेले. कारखान्याच्या संचालकाला बांधला, तलाठ्याला बांधला, विट्याहून आलेल्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्या पाहुण्याला बांधला. सुभेदारांचं म्हणणं असं, की सीमेवरून रजा काढून आलेल्या सख्ख्या चुलत्याचं नाव कुणी घेतलं नाही. नानासोंचं म्हणणं असं, की दादाच्या डोक्यावर फेटा आपण या दोन डोळ्यांनी पाहिला. तेव्हापासून सगळ्या भावकीत दोन पार्ट्या होत्या, 'मिळाला' आणि 'न्हाई मिळाला'.

राजनंदिनी भिंतीपलीकडं जाऊन रडून आली होती. सुभेदारांचा तिच्यावर जीव. ते म्हणाले होते, "बाळ, मला फेटा मिळाला असंल तर दाखव. मी वाजंत्र्यांच्या फुडं नाचत येतो. न्हाई दाखवलास, तर मी घरातनंच तांदूळ टाकीन."

"मग दाखवूया की," राजनंदिनी म्हणाली. "आत्याच्या लग्नाची कॅसेट आहे ना?"

कॅसेट होती. लग्नानंतर भाड्यानं व्हीसीआर आणून ती एकदाच लावली होती आणि फेट्यांच्या आधीच लाइट गेली होती. पुढं व्हीसीआर जगातूनच गेला.

नानासोंच्या पत्नी धोंडुबाई उठल्या, धान्याच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि गव्हातून कॅसेट वर काढली. ती चकाकत होती.

"हिला काय लावलंय?" नानासोंनी विचारलं.

"एरंडेल. गव्हाला चोळते तसं हिलाबी दरसाल चोळलं. एक किडा लागला असंल तर दाखवा."

आष्ट्याच्या फोटोवाल्या अजमलनं आपल्या दुकानात ती कॅसेट हातात घेतली, हुंगली आणि कपाळाला हात लावला. ते लग्न त्यानंच शूट केलं होतं. आता त्याच्याकडं ड्रोन होता, लग्नात भाड्यानं द्यायचा भिंतीएवढा एलईडी पडदा होता. पण जुना व्हीसीआर त्यानं लेकरासारखा जपला होता.

"नाना, ही कॅसेट हाय का भजं?"

"चालंल का पण?"

"बघूया. स्पिरिटनं पुसत पुसत घेऊ." त्यानं व्हीसीआरची वायर काड्यापेटीएवढ्या एका डबीत खोचली आणि ती डबी कंप्युटरला लावली. "ह्यातनं आत गेलं, की मग मरण न्हाई."

नानासो त्या डबीकडं बघत राहिले. "एवढ्याशात सगळा मांडव मावंल?"

"मांडव काय, सगळी भावकी मावंल."

"भावकी कशात मावत न्हाई बाबा," नानासो म्हणाले.

तेवढ्यात दारात काठी वाजली. सुभेदार उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, मिशीला पीळ देऊन. भावाकडं न बघता ते अजमलला म्हणाले, "मी समोर बसणार. आजकाल कंप्युटरवर मेलेली माणसं भाषणं करत्यात. फेटा घालायला कितीसा वेळ लागतोय?"

"अजमल, त्यांना सांग," नानासो भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "फेटा घालायचाच असता तर तवाच दोन घातलं असतं."

"अजमल, त्यांना सांग, एक घातला असता तरी भागलं असतं."

"आवं, मी काय म्हस हाय का?" अजमल वैतागला. "दोघंबी बसा. जेवढी लांब कॅसेट, तेवढाच वेळ लागणार. हिला घाई चालत न्हाई."

दोघे फोटो काढायच्या लाकडी बाकाच्या दोन टोकांना बसले. व्हीसीआरनं कॅसेट गिळली. आधी नुसता आवाज आला, सनईचा. पण सनई एरंडेल प्याल्यासारखी वाहत होती. मग मुंग्या. मग मांडवाचा वरचा अर्धा भाग खाली आणि खालचा वर, म्हणजे पाहुण्यांचे पाय आभाळात. अजमलनं कॅसेट काढली, आतले भाग स्पिरिटनं पुसले, पुन्हा घातली. असं कितीदा तरी झालं.

या अवधीत गावात बातमी पोचली, की आष्ट्यात फेट्याचा निकाल लागतोय. आधी 'न्हाई मिळाला' पार्टी मोटारसायकलींवरून आली. सुभेदारांना एकटं पाडतात की काय, अशी त्यांना शंका होती. ते निघालेले पाहून 'मिळाला' पार्टीनं टेम्पो काढला. टेम्पो निघालाच आहे म्हणून बायका चढल्या, आणि बायका चढल्या म्हणून भाकऱ्यांचं गाठोडं चढलं. दुपारपर्यंत अजमलच्या छोट्याशा दुकानात इतकी माणसं झाली, की कंप्युटरच दिसेना.

"मागच्यांना दिसत न्हाई!" कुणीतरी ओरडलं.

"दिसत न्हाई म्हणजे फशवायचं चाललंय," दुसऱ्यानं भर घातली.

अजमलनं हात टेकले. "चला, अंगणात चला सगळे." त्यानं लग्नातला मोठा पडदा उभा केला, वायर ओढली, आणि अंगणात, भर उन्हात, तीस वर्षांपूर्वीचा मांडव घराएवढा उभा राहिला.

सुरुवातीला नुसता दंगा होता. "आरं, त्यो केरबा बघ! दात हायत त्येला!" खरा केरबा बोळकं पसरून स्वतःचे दात बघत राहिला. "ही कोण गं बारीक? धोंडुबाई? गप्प की!" धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि बोटांच्या फटीतून स्वतःला मन भरून पाहिलं.

मग पंगत आली, आणि हळूहळू आवाज बसत गेला. पडद्यावर मेलेली माणसं जेवत होती. बुंदी वाढून घेत होती, नको नको म्हणत पत्रावळीवर हात आडवे धरत होती, एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. कुणाचा बाप होता, कुणाचा नवरा. कुणी मोठ्यानं नाव घेईना. पंगतीत गावचे जुने म्हातारे कारभारी दिसताच अंगणातल्या सगळ्या सुनांनी एकदम डोक्यावर पदर ओढले. मग आपण काय केलं ते त्यांना कळलं. पण पदर कुणी मागं सारला नाही. नानासोंना वाटलं, आपण जागे आहोत ना? इतकी वर्षं ही सगळी माणसं आपल्या गव्हाच्या कोठीत बसून होती, आणि आपण वरून गहू काढून दळत होतो.

"आता मानाचे फेटे!" पडद्यावरचा माईक गरजला.

दोन्ही पार्ट्या पुढं सरकल्या. सुभेदार ताठ झाले. संचालकाचं नाव झालं, तलाठ्याचं झालं, गलाईवाल्याचं झालं, "आणि आता..." माईकवाल्यानं घसा खाकरला.

आणि पडद्याच्या मधोमध एक गुलाबी कमळ उमललं. कमळात नवरी क्रांती, खाली नजर. वर बासरी.

"कमळ सार!" एकच गिल्ला झाला.

"आवं, ते सरत न्हाई! ते इफेक्ट हाय!" अजमल ओरडला. "तवा सगळ्या तालुक्यात कमळ फकस्त माझ्याकडं हुतं!"

"नेमकं आत्ताच घालायचं हुतं काय रं?"

"फेटं बांधताना लोकं कंटाळत्यात. म्हणून मिक्सिंग केलं. लोकांनी वाहवा केली हुती तवा!"

पाकळ्यांच्या फटीतून मांडवाचा एकेक तुकडा डोकावत होता. एका फटीत काहीतरी भगवं हललं.

"त्यो बघ फेटा!" 'मिळाला' पार्टी उसळली.

"टावेल हाय त्यो आचाऱ्याचा!" 'न्हाई मिळाला' पार्टीनं दाबलं.

कमळ मिटलं तेव्हा फेटे संपले होते आणि अक्षता चालू होत्या. पुढं सगळं यथासांग झालं, नवरी रडली, गाडीला फुलं लावली, 'शुभविवाह' अशी पाटी फिरत फिरत आली. निकाल लागलाच नव्हता. सुभेदारांनी काठी उचलली. नानासो बाकावर तसेच बसून राहिले. राजनंदिनीला घरी जाऊन काय सांगायचं, हे त्यांना सुचेना.

"थांबा, अजून हाय," अजमल म्हणाला. "उरलंसुरलं मी शेवटी जोडायचो. आमची माणसं कापली म्हणून गिऱ्हाइकांनी भांडू नये."

मुंग्या झाल्या. मुंग्यांतून एक बाई वर आली. हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. साळूबाई. लालासाहेब आणि नानासोंची आई. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून ती उभी होती. उभीच होती.

"अटकली कॅसेट," केरबा पुटपुटला. अजमल व्हीसीआरला थापटायला उठला.

"हात लावू नगंस," नानासो म्हणाले. ते पडद्याकडंच बघत होते.

आईच्या पापण्या लवल्या.

अंगणभर एक शहारा गेला. पडद्यातून तरण्या अजमलचा आवाज आला, "आज्जी, हला की जरा! फुटू न्हवं, ह्यो व्हिडिओ हाय!"

ओठसुद्धा न हलवता आई म्हणाली, "आदी काड, मग हलते."

कुणीही हसलं नाही. हसायचं सगळ्यांना नंतर, घरी गेल्यावर सुचलं. घराएवढी उंच आई दोघा भावांच्या समोर उभी होती आणि तिच्या गळ्यातली डोरल्याची वाटीसुद्धा ओळखू येत होती. तिचा आवाज असा होता, हे नानासो पार विसरले होते, आणि विसरलो होतो हे त्यांना आत्ता कळलं.

सुभेदार बाकाच्या टोकावरून सरकत सरकत मधोमध आले होते. "नाना," ते हळू म्हणाले, "आई आपल्यापरास ल्हान हाय रं."

"व्हय दादा," नानासो म्हणाले. "लय ल्हान हाय."

बोलून गेल्यावर दोघांनाही दचकायला झालं. मध्ये म्हैस नव्हती.

पडद्यावर आईनं सुस्कारा सोडला, फोटो झाला असं धरलं आणि मान वळवली. "लाला! हिकडं ये. थोरला असून डोस्कं उघडं घेऊन काय फिरतुयास?" तरणा लालासाहेब फुरंगटून आला. दुसऱ्या बाजूनं घामाघूम नाना कसला तरी हंडा घेऊन चालला होता. आईनं त्याला दंडाला धरून थांबवलं, त्याच्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी अलगद उचलला, आणि...

व्हीसीआर किंचाळला. अजमल आत धावला. तेलकट पट्टी आत घुसून तिचा सुतळीसारखा गुंता झाला होता. पडद्यावर शेवटचं चित्र थिजलं होतं. दोन लेकांच्या मध्ये आई, आणि तिच्या हातात, दोन्ही डोक्यांच्या अधल्यामधल्या हवेत, फेटा.

"घातला का?" केरबानं विचारलं. "का परत नानाच्याच डोस्क्यावर ठेवला?"

दोन्ही पार्ट्यांनी तोंडं उघडली. तेवढ्यात सुभेदार उठून उभे राहिले.

"घातला," ते म्हणाले. "कान दुमडला हुता माझा. तिनंच सरळ केला. मला फेटा मिळाला हुता."

'मिळाला' पार्टीनं जल्लोष केला. पण नानासो सरळ माणूस. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याकडं नीट पाहिलं आणि मान हलवली.

"न्हाई दादा. मिळाला न्हवता."

"आं?"

"आईला माझा काढून तुला घालावा लागला, म्हंजे तुला कुणी बांधलाच न्हवता. तुझंच खरं."

"माझं कुठलं खरं? आईनं घातला, मग मिळालाच की!"

"त्यो माझा फेटा हुता!"

"डोस्कं माझं हुतं!"

"माईकवर नाव झालं न्हाई तर त्यो मानाचा फेटा व्हईलच कसा?"

"आईच्या हातचा मानाचा न्हाई म्हणतोस? तुला लाज हाय का रं?"

"आई मधी आणू नगं!"

"तीच मधी उभी हाय, बघ की वर!"

दोन्ही पार्ट्यांची दाणादाण उडाली. तीस वर्षं जे 'मिळाला' म्हणत होते त्यांना आता सुभेदारांच्या मागं उभं राहावं लागत होतं, आणि 'न्हाई मिळाला'वाल्यांना नानासोंच्या. माणसं इकडून तिकडं आणि तिकडून इकडं जागा बदलू लागली. केरबा मध्येच उभा राहिला.

"मी लग्नाला येणार!" सुभेदारांनी काठी आपटली. "फेटा न्हाई म्हणतोस व्हय? चारचौघांत माईकवर उभं राहून तुझं खोडून काढतो!"

"ये की! मीबी माईक सोडणार न्हाई!"

टेम्पोत चढतानाही ते थांबले नाहीत. मागच्या फळीवर दोघे भाऊ गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू करत होता. मोटारसायकली केव्हाच पुढं निघून गेल्या होत्या.

धोंडुबाई पुढं, टेम्पोवाल्याच्या शेजारी बसल्या होत्या. फाटा आला तसा त्यानं गावाकडं वळायला हात फिरवला. धोंडुबाईंनी मागचा आवाज क्षणभर कान देऊन ऐकला आणि पदर सारखा केला.

"हिकडनं नगं," त्या म्हणाल्या. "लांबनं घे."