माऊसला हात न लावणारी जनाबाय

आधी जनाबायचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. ती नसती तर मी आज बोईसरला नसते. कधीच परत माझ्या गावाकडं, हिंगोलीच्या गाडीत बोचकं घेऊन बसले असते.

जनाबाय आमच्या कारखान्यात झाडूपोछा करते. राहते शिरगावला. वय विचारलं तर म्हणते, "कंपनीच्या कागदावर हाय ते." ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तीच पुसते, पण माऊसला उघडं बोट लावत नाही, फडक्यानं धरते. "रोज मीच पुसते गो. त्याच्यावर कोनाचं काय काय चिकटलेलं असतं, मला इचार!" प्रत्येक माऊसला तिनं नाव दिलंय. अकाउंटवाल्या साहेबांचा 'फरसाण', स्टोअरवाल्याचा 'तंबाखू'. माझ्याला काय म्हणते ते मी विचारलेलं नाही.

आणि याच बाईला कॉम्प्युटरमधलं एक काम असं येतं, की भलेभले तिला हाक मारतात. कॉम्प्युटरवर आपण काही उघडलं की चौकोनी खिडकी उघडते ना, ती कधीकधी पडद्याच्या कडेबाहेर सरकते. चालू असते, पण दिसत नाही. जनाबाय ती परत आणते. बाकी काही येत नाही. मेल म्हणजे काय तेही तिला ठाऊक नाही.

एकदा इंजिनियर साहेबांची खिडकी गेली. "अरे, मेरा एक्सेल किधर गया?" करत त्यांनी तीनदा मशीन बंद-चालू केलं. जनाबाय पोछा घेऊन आली.

"पाय वर घ्या."

"अरे, मेरा अर्जंट काम..."

"पाय वर!"

साहेब खुर्चीत मांडी घालून बसले. खालची फरशी निवांत पुसून झाली, मग चौकशी सुरू. "शेवटची कुठं दिसली?" साहेबांना मराठी कळतं, त्यांनी हातातला मोबाईल हळूच उलटा ठेवला. "म्हंजे तवा तुमी मोबाईल बघत होता." मग चार बटनं, आणि खिडकी हजर.

आता माझं सांगते. माझी शाळा सातवीत सुटली. गाड्यांचं वजन करायचा आमचा काटा आहे, तिथली बाई बाळंतपणासाठी काम सोडून गेली म्हणून मला महिनाभर चाचणीवर घेतलं. मी सगळं पाढ्यासारखं पाठ केलं होतं. गाडीचा नंबर, हिरवं बटण, पावती. यापलीकडं काही विचारलं की मला घाम फुटायचा. मॅनेजर साहेब तर पहिल्याच दिवशी बोलले होते, "कोर्स केलेली एक मुलगी बघून ठेवलीय मी."

केबिनमध्ये दोन स्क्रीन होत्या. एक माझ्यापुढं, दुसरी तिच्या उजवीकडं, काचेतून ड्रायव्हरला वजन दिसावं म्हणून. शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी येऊन बघते तर ती दुसरी स्क्रीन वर मीटिंगला नेलेली. आणि माझी वजनाची खिडकी शनिवारी मी तिच्यावरच ठेवून गेलेली. उघडली, तर खालच्या पट्टीवर तिचं नाव पेटलं. त्याच्यावर बाण नेला की नखाएवढं चित्र यायचं. पण पडदा रिकामा. बाहेर सात गाड्या.

"मॅडम, काटा करो ना! वापी पहुँचना है!"

बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. मॅनेजर साहेब दहाला खाली येतात, पावणेदहा झालेले. तेवढ्यात बादली वाजली.

"पाय वर."

"जनाबाय, आज नको गं. माझी खिडकी..."

"पाय वर घे आधी, मंग रड."

फरशी पुसली. पोछा पिळला. मग म्हणाली, "शेवटची कुठं दिसली?"

"दुसऱ्या स्क्रीनवर."

"ती कुठल्या कुशीला होती?"

"उजव्या."

"मंग ती तिथंच उभी हाय. तिला कोनी सांगितलंच नाय, की घर हलवलं म्हनून."

मला वाटलं आता बटनं दाबेल. पण ती हात बांधून उभी. "तूच कर. मी रोज थोडीच हाय? खाली तिच्या नावावर टिचकी मार. आता डावीकडचं ऑल्ट धर, लांब बटन दाब. सोड. आता एम. आता बाण दाबून ठेव."

मी घाबरून उजवाच बाण दाबून धरला.

"अगं अगं, कुठं नेतेस तिला? वाणगाव टेसन गेलं! आता डहाणू करतेस का? उलटा बाण!"

डावा बाण दाबून धरला. काहीच नाही. काहीच नाही. मग पडद्याच्या उजव्या काठातून एक निळी कड आत आली, मागोमाग माझं हिरवं बटण. "ये गो ये, लाजू नको," जनाबाय तिला म्हणाली, आणि मला, "एंटर मार."

पहिली पावती निघते न निघते तोच साहेब दारात. "एवढी लाईन का लागली?"

मी दुसऱ्या गाडीचा नंबर टाकायला घेतला. जनाबाय बादली उचलत म्हणाली, "मीच थांबवल्या गाड्या. फरशी वली होती, ही घसरून पडली असती."

"जनाबाई, तुमचं हे रोजचंच आहे!" साहेब तिच्यावर चांगलेच तापले. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि त्यांची पाठ वळताच मला डोळा मारला. पुढच्या आठवड्यात मी कायम झाले.

ही विद्या कुठं शिकलीस, असं कितीदा तरी विचारलं. एकदा म्हणाली, बोंबील वाळत घालताना सुचली. एकदा म्हणाली, मोठ्या साहेबांना मीच शिकवली. खरं सांगितलं ते एका दुपारी, डबा खाताना.

जनाबायची मुलगी मस्कतला नर्स आहे. जाताना आईशी समोरासमोर बोलता यावं म्हणून घरी कॉम्प्युटर ठेवून गेली. एका रविवारी तिची खिडकी सरकली. आवाज येई, तोंड दिसेना. "मी तिला सांगितलं नाय. एवढ्या लांब पोर, तिला कशाला घोर?" चार रविवार जनाबाय रिकाम्या पडद्याशी बोलली. मुलीनं विचारलं, "आई, मी कशी दिसते?" ही म्हणाली, "हिरवी साडी शोभते गो!" पोरगी पांढऱ्या कपड्यात, ड्यूटीवरून आलेली. तिला वाटलं, आईचे डोळे गेले. तिथून फोन करून पालघरच्या डॉक्टरची वेळ घेतली. दोनदा थेंब घालून झाले, तेव्हा कुठं हिनं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "आजी, तुमची नजर चांगली आहे. कॉम्प्युटरवाल्याकडे जा." तिथल्याच एका क्लासवाल्यानं मग शिकवलं.

मी हसून हसून लाल झाले. तीही हसली. मग बोटं चाटत म्हणाली, "आता तिचा फोन कमी येतो. डुटी, तान्हं बाळ. महिन्यातनं एखादा. पन मी रविवारी लावून बसते. खिडकी मुद्दाम भायेर सारते, परत आनते. सारते, आनते. हात बसलेला बरा. नेमकी तिचा फोन आला आनि तवाच गेली, तर?"

नातू तिनं तळहाताएवढ्या चौकोनातच पाहिलाय. मुलगी ये ये म्हणते. पासपोर्टचा फॉर्म इंग्रजीत आहे, आणि तेवढ्यासाठी कुणापुढं जायला जनाबाय तयार नाही.

तो फॉर्म मी भरणार आहे. तिला अजून बोलले नाही. जेवणाच्या सुट्टीत एकेक रकाना वाचायला शिकतेय, जन्मगावापर्यंत पोचलेय. चुकेल, पुन्हा भरीन. वेळ लागेल. पण तिच्या मांडीवर तिचा नातू बसेल तो दिवस मी आणणार, एवढं मी तिचं देणं लागते.